पाळीतलं दुखणं, चॉकलेट सिस्ट आणि दोन डॉक्टरांचे दोन सल्ले

प्रश्न : ताई, माझं वय २९. पाळी सुरू झाली तेव्हापासून पहिले दोन दिवस मी अंथरुणातच असते. शाळेत असताना ‘सगळ्यांनाच दुखतं’ असं ऐकून गप्प बसले. पुढे तीन-चार वेळा सोनोग्राफी झाली, प्रत्येक वेळी रिपोर्ट नॉर्मल. गेल्या दोन वर्षांत दुखणं पाळीपुरतं राहिलेलं नाही. मधल्या दिवसांतही ओटीपोट जड असतं, पोट फुगतं, थकवा जात नाही. पाळीत शौचाला बसलं की कळ येते. संबंधांच्या वेळीही दुखतं, पण ते जाऊ दे. या वेळी सोनोग्राफीत डाव्या अंडाशयात चार सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. एक डॉक्टर म्हणतात, एंडोमेट्रिओसिस आहे, दुर्बिणीतून लगेच काढून टाकू. दुसऱ्या म्हणतात, गोळ्या घे, मग बघू. मोठी जाऊ म्हणते, मूल झालं की आपोआप थांबेल. मूल हवंय, पण अजून वर्ष-दोन वर्षं नको. गोळ्यांनी पाळी बंद झाली तर रक्त आत साठणार नाही का? पुढे दिवस राहायला अडचण येईल का? यातून कॅन्सर होतो का? आणि मी इतकी वर्षं अंगावर काढलं म्हणून हे झालं का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुला सगळ्यात जास्त खातोय असं पत्र वाचताना जाणवलं. नाही, हे तुझ्यामुळे झालेलं नाही.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. कधी अंडाशयात (तिथे साठलेल्या जुन्या रक्ताची गाठ म्हणजेच तुझी चॉकलेट सिस्ट), कधी पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर, कधी गर्भाशयाला मागून धरून ठेवणाऱ्या बंधांवर, तर कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. दर महिन्याच्या हार्मोन्सना त्या प्रतिसाद देतात, आजूबाजूला सूज येते, हळूहळू व्रण तयार होतात आणि शेजारचे अवयव एकमेकांना चिकटू लागतात. या पेशी तिथे पोचतात कशा, याचं एक स्पष्टीकरण जॉन सॅम्पसन या अमेरिकी डॉक्टरांनी १९२०च्या दशकात मांडलं आणि ते आजही टिकून आहे : पाळीचं थोडं रक्त गर्भनलिकांमधून उलट्या दिशेने पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. पण असं उलटं रक्त बहुतेक सगळ्याच बायकांच्या पोटात जातं आणि आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला होतो. म्हणजे रुजायला आणखी काही लागतं. त्यात आनुवंशिकतेचा वाटा आहे. आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास असेल तर शक्यता वाढते. शरीराच्या प्रतिकारशक्तीचाही त्यात भाग आहे. यातलं काय तुझ्या हातात होतं?

आणि ‘अंगावर काढलं’ म्हणतेस, तर तू सांगितलं होतंस. ऐकणाऱ्यांनी ते मनावर घेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लक्षणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत ४ ते १२ वर्षं जाऊ शकतात. जगभरात सुमारे १९ कोटी बायका-मुलींना हा आजार आहे आणि त्यातल्या कितीतरी जणींनी ‘सगळ्यांनाच दुखतं’ हे वाक्य ऐकलेलं असतं. पाळीत थोडं दुखणं बहुतेकींच्या वाट्याला येतं, हे खरं. पण शाळा बुडवावी लागणं, दर महिन्याला दोन दिवस उठताच न येणं हे नॉर्मल नाही आणि कधीच नव्हतं.

मग सोनोग्राफी नॉर्मल कशी आली? पोटाच्या आवरणावरचे ठिपके काही मिलिमीटरचे असतात, ते सोनोग्राफीत दिसत नाहीत. अंडाशयातली गाठ दिसते. खोलवर गेलेला आजारही दिसू शकतो, पण तो मुद्दाम शोधणारा आणि शोधायला शिकलेला माणूस लागतो. तेव्हा नॉर्मल रिपोर्टचा अर्थ ‘आम्हाला काही दिसलं नाही’ एवढाच घ्यायचा. एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते : या आजारात दुखण्याचं आणि पसरण्याचं प्रमाण जुळत नाही. चार-दोन ठिपके असलेली बाई कळवळत असते आणि दोन्ही अंडाशय चिकटलेली बाई केवळ दिवस राहत नाहीत म्हणून तपासायला येते. म्हणून रिपोर्टवरची ‘स्टेज’ वाचून ‘एवढंसंच तर आहे’ असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नकोस.

आता तुझ्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी लिहून तू पटकन पुढे निघून गेलीस. संबंधांच्या वेळी दुखतं, ‘पण ते जाऊ दे’. ते अजिबात जाऊ द्यायचं नाही. पाळीत शौचाच्या वेळची कळ आणि संबंधांत आत खोलवर दुखणं या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की डॉक्टरचं लक्ष एका विशिष्ट जागेकडे जातं : गर्भाशयाच्या मागे, गर्भाशय आणि मलाशय यांच्या मधल्या भागाकडे. आजार तिथे खोल शिरला असेल तर नेमकं असंच दुखतं. तुझ्या दोन्ही डॉक्टरांना हे माहीत आहे का? पत्रावरून तसं वाटत नाही. सिस्ट दिसली आणि सगळं बोलणं सिस्टभोवतीच फिरत राहिलं.

मी तुझ्या जागी असते, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी एंडोमेट्रिओसिसच्या सोनोग्राफीचा अनुभव असलेल्या तज्ज्ञाकडून योनिमार्गातून सोनोग्राफी पुन्हा करून घेतली असती. तीत फक्त गाठ मोजत नाहीत. प्रोब हलकेच दाबून गर्भाशय आणि मागचं आतडं एकमेकांवरून मोकळं सरकतंय का, ते पाहतात. सरकत नसेल तर तिथे चिकटलेलं आहे. अंडाशय जागेवर खिळलंय की हलतंय, दाबल्यावर नेमकं कुठे दुखतं, हेही पाहतात. तपासणाऱ्यांना ‘इथे, इथेच’ असं बोट ठेवून सांग, संकोच करू नकोस. गरज वाटली तर एमआरआय होतो. खोल आजाराची शंका असेल तर मूत्रपिंडंही पाहून घ्यायला सांग, कारण मूत्रवाहिनीवर येणारा दाब कित्येकदा काहीच न दुखता मूत्रपिंडाचं नुकसान करत राहतो. सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीही वापरली जाणारी रक्ततपासणी कुणी सांगितली आणि आकडा वाढलेला आला, तर घाबरून जाऊ नकोस. एंडोमेट्रिओसिसमध्येही तो वाढू शकतो, आणि निदानासाठी त्यावर विसंबता येत नाही.

पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय निदान पक्कं मानत नसत. आता तसं राहिलेलं नाही. ‘एश्रे’ या युरोपीय संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार लक्षणं, तपासणी आणि चांगली सोनोग्राफी यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात. नुसतं ‘आत बघण्यासाठी’ पोटात दुर्बीण घालायची गरज बहुतेकींना नसते.

दोन डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली, म्हणून तू गोंधळलीस. मला ते एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत. एकांनी गाठीकडे बघितलं, दुसऱ्यांनी दुखण्याकडे. तुला नक्की काय हवंय, हे कुणीच विचारलेलं दिसत नाही, आणि या आजारात सगळा निर्णय त्यावरच उभा असतो. हा एकदा काढून टाकला की संपला असा आजार नाही. मधुमेह किंवा दम्यासारखा तो वर्षानुवर्षं सांभाळावा लागतो, आणि रजोनिवृत्तीनंतर बहुतेकींचा शांत होतो. तेव्हा पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार करून पावलं टाकायची असतात. आत्ता दुखणं थांबवायचंय की आत्ता मूल हवंय, यावरून उपचाराची दिशाच बदलते, कारण दुखणं थांबवणारी बहुतेक हार्मोन्सची औषधं बीज तयार होणंही थांबवतात. दोन्ही एकाच वेळी होत नाही. तू मात्र स्पष्ट लिहिलंयस : मूल हवं, पण वर्ष-दोन वर्षांनी. या मधल्या काळासाठी गोळ्या हा शहाणपणाचा पर्याय आहे, असं मी मोकळेपणाने सांगते. अर्थात तपासणीत काही गंभीर निघालं नाही तर.

गोळ्यांविषयी तुझी भीती रास्त आहे, पण ती एका गैरसमजावर उभी आहे. पाळी बंद झाली म्हणून रक्त आत साठत नाही. पाळीचं रक्त म्हणजे दर महिन्याला जाड होऊन गळून पडणारं अस्तर. या गोळ्या घेत असताना ते अस्तर जाडच होत नाही, पातळ राहतं. गळायलाच काही नसेल तर साठणार काय? उलट बाहेर रुजलेल्या पेशींनाही दर महिन्याचं खतपाणी मिळत नाही, म्हणून तर दुखणं कमी होतं.

डायनोजेस्ट ही यातली सध्या बरीच वापरली जाणारी गोळी, रोज २ मिलिग्रॅम, खंड न पाडता. पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग लागतात, रक्तस्राव अनियमित होतो. याच टप्प्यावर कितीतरी जणी ‘मला सोसत नाही’ म्हणून गोळी सोडतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तो त्रास बहुतेकींचा पुढे कमी होतो. किमान तीन महिने दे. मात्र मन सतत खिन्न राहू लागलं तर तीन महिन्यांची वाट बघत बसू नकोस, त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांग. तो दुष्परिणाम खरा आहे, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून तो सोडून द्यायचा नसतो. आणि ही गोळी घेते म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं धरून चालू नकोस. डॉक्टरांना विचारून हार्मोन नसलेलं गर्भनिरोधक सोबत वापर. दुसरा पर्याय साध्या गर्भनिरोधक गोळ्यांचा, मध्ये सात दिवसांची सुट्टी न घेता सलग घ्यायच्या. डोळ्यांसमोर प्रकाशाच्या रेषा दिसून सुरू होणारी अर्धशिशी किंवा रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असेल तर या चालत नाहीत. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइलही आहे, पण तुला लवकरच मूल हवंय, तेव्हा आत्ता तिची घाई नको. याहून जोरदार औषधं म्हणजे अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारी इंजेक्शनं आणि अलीकडे आलेल्या एलागोलिक्स, रेलुगोलिक्ससारख्या गोळ्या. त्यांनी अंगातून वाफा निघाल्यासारखं होतं, हाडं विरळ होऊ शकतात, म्हणून त्यांच्यासोबत अनेकदा थोडं हार्मोन परत द्यावं लागतं. ती पहिल्या फेरीतली औषधं नव्हेत.

गोळ्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर काही आठवड्यांत बीज पुन्हा तयार होऊ लागतं. पण त्या आजार मुळापासून उपटत नाहीत. बंद केल्या की त्रास परत येऊ शकतो. हे आधीच माहीत असलं की मग ‘एवढ्या गोळ्या घेऊन काय उपयोग झाला’ असं वाटत नाही. तेवढे महिने तू बिनदुखण्याचे काढलेस, हाच उपयोग.

आता ऑपरेशन. मी त्याच्या विरोधात मुळीच नाही. गोळ्या लागू पडल्या नाहीत किंवा सोसल्या नाहीत, आतडं किंवा मूत्रवाहिनी आवळली जात असेल, गाठ वाढतेय किंवा तिचं रूप संशयास्पद वाटतंय, तर ऑपरेशन करावंच लागतं आणि चांगल्या हातून झालं तर फार आराम मिळतो. पण ‘चार सेंटीमीटर आहे म्हणून लगेच’ हे मला पटत नाही. चॉकलेट सिस्टमध्ये जुनं, घट्ट, तपकिरी रक्त असतं. ते नुसतं सुईने काढलं तर गाठ पुन्हा भरते, म्हणून तिची भिंत सोलून काढावी लागते. ही भिंत अंडाशयाला इतकी चिकटलेली असते, की सोलताना तिच्याबरोबर थोडी निरोगी बीजंही जातात. एका बाजूला एकदा झालं तर सहसा निभावतं. दोन्ही बाजूंना किंवा पुन्हा पुन्हा झालं तर बीजांचा साठा लक्षणीय घटतो. मूल पुढे ढकलणाऱ्या बाईला हे कुणीतरी आधी सांगायला हवं, आणि बरेचदा ते ऑपरेशननंतर कळतं, याचा मला राग येतो.

म्हणून ऑपरेशन करायचं ठरलंच तर आधी एएमएच ही रक्ततपासणी करून घे, म्हणजे साठ्याचा अंदाज येईल. मग सर्जनना विचार : गाठीसोबत मागच्या जागेतला आजारही याच वेळी काढणार का? आतड्यावर काही सापडलं तर आतड्याचे सर्जन तिथे असतील का? तुम्ही अशी खोल आजाराची ऑपरेशनं नेहमी करता का? ऑपरेशनचे फोटो किंवा चित्रफीत मिळेल का? आणि नंतर तो परत येऊ नये म्हणून काय करणार? हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. लगेच मूल नको असेल तर ऑपरेशननंतरही गोळ्या चालू ठेवल्याने तो परतण्याची शक्यता बरीच घटते. पहिलंच ऑपरेशन नीट, पुरेसं आणि योग्य वेळी झालेलं बरं, कारण प्रत्येक पुढचं ऑपरेशन आधीच्यापेक्षा अवघड होत जातं. कुणी ‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल’ म्हणालं, तर तुझ्या वयात त्याचा विचारही करायचं कारण नाही. आजार पिशवीच्या बाहेर आहे.

तुझ्या जाऊबाई वाईट हेतूने बोलल्या नसतील. गरोदरपणात पाळी थांबते, म्हणून काही जणींना तेवढा काळ बरं वाटतं. पण ते टिकेलच असं नाही, आणि सगळ्यांना तेवढंही वाटत नाही. केवळ या आजारावर उपचार म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये, असं ‘एश्रे’च्या सूचनांत स्पष्ट म्हटलेलं आहे. मूल हवं तेव्हा होऊ दे.

दिवस राहायला अडचण येईलच, असंही मनात धरू नकोस. या आजारात ती शक्यता वाढते, हे खरं; पण अनेक जणींना नैसर्गिकरीत्या मूल होतं. तू एवढंच कर : ‘वर्ष-दोन वर्षं’चं दोन वर्षांच्या पुढे जाऊ देऊ नकोस, आणि प्रयत्न सुरू केल्यावर सहा महिन्यांत दिवस राहिले नाहीत तर वर्षभर वाट न बघता तज्ज्ञांकडे जा. जाताना नवऱ्याचीही तपासणी पहिल्याच भेटीत होऊ दे. बाईला आजार आहे हे ठाऊक असलं की पुरुषाची साधी वीर्यतपासणीसुद्धा महिनोन्‌महिने कुणाला सुचत नाही. पुढे आयव्हीएफची वेळ आली तरी केवळ त्यासाठी सिस्ट आधी काढायलाच हवी असं नाही.

कॅन्सरचं म्हणशील, तर एंडोमेट्रिओसिस हा कॅन्सर नाही. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो : एरवी आयुष्यभरात हजार बायकांमागे साधारण १३ जणींना तो होतो, एंडोमेट्रिओसिस असलेल्या हजारांत साधारण १८ जणींना. उरलेल्या ९८० हून अधिक जणींना होत नाही. यासाठी झोप उडवून घेऊ नकोस. गाठीवर अधूनमधून सोनोग्राफीने लक्ष ठेवलं की पुरे.

वेदनाशामक गोळीबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण सांगते, कारण ती चुकीच्या वेळी घेतली जाते. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात, त्यांनी गर्भाशय आवळलं जातं आणि कळा येतात. आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड ही औषधं ती रसायनं तयार होणं थांबवतात. आधीच तयार झालेली काढून टाकत नाहीत. म्हणून असह्य होईपर्यंत थांबून घेतलेली गोळी हवा तेवढा गुण देत नाही. पाळीची चाहूल लागली की पहिली गोळी काही खाऊन घ्यायची, आणि पुढचे दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, दुखो न दुखो, घेत राहायची. अ‍ॅसिडिटीचा अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचार. पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवल्यानेही खरंच बरं वाटतं.

मधल्या दिवसांतही दुखत राहतं, त्यामागे आणखी एक कारण असू शकतं. वर्षानुवर्षं कळा सोसल्या की मज्जासंस्था हळवी होते, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आक्रसलेले राहतात, आणि आजार आटोक्यात आला तरी दुखणं मागे उरतं. अशा वेळी त्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा खूप उपयोग होतो, विशेषतः संबंधांतल्या दुखण्यासाठी. तोपर्यंत दुखत असताना सहन करत राहू नकोस. नवऱ्याला मोकळेपणाने सांग, की हे नकोसं वाटणं नाही, हे दुखणं आहे. बहुतेकदा त्यांना अंदाजच नसतो.

एकदम भयंकर पोटात दुखू लागलं, सोबत उलट्या, ताप किंवा चक्कर असेल, तर पाळीचं दुखणं समजून पडून राहू नकोस. गाठ फुटलेली किंवा अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. थेट इस्पितळात जायचं.

आजपासून एका वहीत रोज दोन ओळी लिही : दुखणं शून्य ते दहामध्ये किती, कुठे, शौच, लघवी, संबंध यांच्या वेळी होतं का, कोणती गोळी किती वाजता घेतली, कामावर जाता आलं का. पुढच्या भेटीला ती वही ने, जुने ‘नॉर्मल’ लिहिलेले रिपोर्टही ने, आणि जमलं तर नवऱ्यालाही. आणि ‘ते जाऊ दे’ म्हणून सोडून दिलेलं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांग.